न्यूयॉर्कच्या जुन्या बंबखान्याचा फोटो कसा वाचावा

फोटो हातात आला की सगळे आधी बंब बघतात. मी दरवाजावरचा आकडा बघतो, भिंग लावून. इमारत ब्रुकलिनची असेल तर हा आकडा सोन्याचा. १८९८ मध्ये ब्रुकलिन न्यूयॉर्कात विलीन झालं. दोन शहरांची दोन अग्निशमन दलं, त्यामुळे एकाच नंबरच्या दोन-दोन इंजिन कंपन्या, म्हणजे बंबाच्या तुकड्या! म्हणून १८९९ मध्ये ब्रुकलिनच्या नंबरांत शंभर मिळवले, १९१३ मध्ये आणखी शंभर. म्हणजे पाचची एकशे पाच झाली आणि मग दोनशे पाच. मात्र दगडात कोरलेला आकडा पुष्कळदा जुनाच राहिला. मी त्यावर विसंबून एक फोटो वीस वर्षं मागे ढकलला होता. तेव्हा बंबावर रंगवलेला नंबरही ताडून बघा.

मग बंब. दोन्ही बाजूंना लांब दांडे आणि ते हापसणारी माणसं दिसली तर बहुधा स्वयंसेवकांचा काळ. पगारी दल १८६५ मध्ये आलं. उभा बॉयलर आणि धुराडं म्हणजे वाफेचा पंप. पण घाई नको, पुढची चाकं बघा. घोडे गेल्यावरही जुन्या वाफेच्या पंपांना पुढे मोटारीचा ट्रॅक्टर जोडून ते वापरात ठेवले होते. घोडे जुंपलेले असतील तर फोटो २० डिसेंबर १९२२ च्या आधीचा धरा. त्या दिवशी दोनशे पाचच्याच घोड्यांनी शेवटची धाव घेतली.

आतला फोटो असेल आणि वरच्या मजल्यावरून घसरत खाली यायचा खांब दिसला, तर १८७८ नंतरचा. ती युक्ती शिकागोची.