पाचट ठेवलं, तरी खोडवा पिवळा? कर्ब-नत्राच्या हिशेबातल्या या चुका टाळा

कृष्णाकाठी ऊस तुटून गेल्यावर शेतात उरलेली वाळकी पानं, म्हणजे पाचट, पेटवू नये, हे आता बहुतेकांना पटलंय. पण पाचट ठेवलेला खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पुढचं पीक, दीड महिन्यात पिवळा दिसू लागला, की पुढच्या वर्षी पुन्हा काडी लागते. चूक बहुधा नत्राच्या (नायट्रोजनच्या) हिशेबात झालेली असते.

एकरी साधारण 4 टन पाचट धरा. त्यात 40 टक्के कर्ब (कार्बन), म्हणजे 1600 किलो. नत्र मात्र 0.4 टक्के, म्हणजे 16 किलो. कर्ब-नत्राचं गुणोत्तर झालं 100:1. कुजवणाऱ्या जिवाणूंना 25:1 च्या आसपासचं खाद्य मानवतं. तुटीचं नत्र ते जमिनीतून उचलतात. ते वाया जात नाही, जिवाणूंच्या शरीरात अडकतं आणि पुढे सुटतं. पण नेमकं फुटवे फुटताना पिकाला मिळत नाही.

म्हणून नुसतं पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून थांबणं ही पहिली चूक. सातारा जिल्ह्यातल्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राची शिफारस हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं कल्चर अशी आहे. एकराला 32, 40 आणि 4 किलो. यातून नत्र पंधरा किलोच्या आतच जातं, आणि ते जिवाणूंचं आहे. खोडव्याच्या खतमात्रेतून ते वजा करू नका.

युरिया कोरड्या पाचटावर फेकून पाण्याची पाळी आठ दिवसांनी आली, तर निम्मं काम फुकट. आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक 8 च्या पुढे, त्यात पाचटावर युरिया फुटायला वेळ लागत नाही. अमोनिया सरळ हवेत जातो. युरिया टाकला त्याच दिवशी पाणी द्या. कल्चर युरियात कालवू नका, कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळं विस्कटा. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा. खोडव्याचं खत पाचटावर न फेकता पहारीने द्या: बुडख्यापासून 10 ते 15 सेंमीवर, 15 ते 20 सेंमी खोल. पहिला हप्ता तोडणीनंतर 15 दिवसांत, दुसरा 135 दिवसांनी.

पिवळेपणा दिसला म्हणून लगेच युरियाचं पोतं फोडू नका. आधी पान बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचंच. तिथे फेरस सल्फेटची 0.5 टक्के फवारणी करा, युरियाने काही होणार नाही.

पाचटाने मातीतला कर्ब किती वाढला हे बघायचं, तर आता माती परीक्षण. नमुना घेताना वरचं पाचट बाजूला सारा. अर्धवट कुजलेल्या काड्या दळल्या गेल्या की कर्ब फुगून येतो. खत दिल्यावर दोन-तीन महिने नमुना घेऊ नका. कर्ब मोजायच्या नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत आणखी एक खोच आहे. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या क्षारपड मातीत क्लोराइड जास्त असतं आणि कर्ब जाळायला घातलेलं डायक्रोमेट हे रसायन त्यावरही खर्च होतं. आकडा खोटा चढतो. क्लोराइडचा अडथळा टाळायला सिल्व्हर सल्फेट वापरलंय का, ते प्रयोगशाळेत विचारा. याच पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, सरासरी 77 टक्केच जळतो असं धरून 1.3 ने गुणतात. एका अहवालात गुणलेलं, दुसऱ्यात नाही, अशी तुलना निरर्थक.

माती जाळून कर्ब मोजणाऱ्या यंत्रात उलटा घोटाळा होतो: चुनखडीतला कर्बही मोजला जातो. आधी आम्लाने चुनखडी घालवावी लागते.

आणि एका हंगामात 0.5 चा कर्ब 1 टक्का होईल ही अपेक्षा सोडा. एकरात 15 सेंमी थराची माती सुमारे 750 टन. पाचटातला 1600 किलो कर्ब सगळा टिकला तरी वाढ 0.21 टक्केच. त्यातला बहुतेक कर्बवायू होऊन उडतो. पाचवा हिस्सा उरला असं धरलं तर 0.04 टक्के. शेताच्या दोन कोपऱ्यांतला फरकही याहून जास्त निघतो. तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, त्याच प्रयोगशाळेत तपासा.