रात्रीच्या आकाशाच्या फोटोतला नॉइज कसा कमी कराल

फोटो दाणेदार आला (हे दाणे म्हणजेच नॉइज) की बहुतेक जण आधी आयएसओ, म्हणजे कॅमेरा चित्र किती उजळवतो तो आकडा, खाली आणतात. चूक तिथेच होते. नॉइजचं मुख्य कारण म्हणजे सेन्सरवर पडलेला अपुरा प्रकाश. आयएसओ आलेला प्रकाश फक्त वाढवून दाखवतो. ८०० वर काळपट काढून नंतर संगणकावर दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळवलेला फोटो ३२०० वर काढलेल्यापेक्षा स्वच्छ निघत नाही. काही कॅमेऱ्यांत तर अंधाऱ्या भागात पट्टे उमटतात.

म्हणून आधी प्रकाश गोळा करा. रॉ फॉरमॅट (सेन्सरचा कच्चा डेटा), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ २.८ किंवा लेन्स उघडेल तितकं, आयएसओ १६०० ते ३२००. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं यासाठी ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीतला आकडा) भागा: फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) २४ मिमीला साधारण २० सेकंद. जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्या वेळात तारे लांबट होतात, तिथे ३०० धरा, म्हणजे १२ सेकंद. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उंचवटा डाव्या कडेला चिकटलेला नसावा.

तरीही एका फ्रेममध्ये प्रकाश मावून मावणार किती! खरा उपाय स्टॅकिंगच, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक जुळवून एक फोटो करणं. तारे प्रत्येक फ्रेममध्ये तेच असतात, नॉइज दर वेळी वेगळा पडतो. सरासरी काढली की तो विरतो. ४ फ्रेमला निम्मा, १६ फ्रेमला पाव. पुढे आणखी निम्मा करायला ६४ लागतात, त्यामुळे रुंद लेन्सला १६ ते २० पुरेत.

ट्रायपॉड न हलवता इंटरव्हलोमीटरने (आपोआप एकामागून एक फोटो काढणारं साधन) सलग फ्रेम घ्या. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ खातं. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून, तोच आयएसओ आणि तेच शटर ठेवून १० ते १५ डार्क फ्रेम काढा, आणि त्या जागेवरच. त्या फोटोतून वजा केल्या की हॉट पिक्सेल (सेन्सरवर उगाच उजळणारे ठिपके) जातात, पण ते सेन्सरच्या तापमानाबरोबर बदलतात. उबदार खोलीत काढलेले डार्क गरजेपेक्षा जास्त वजा होतात आणि फोटोत काळे ठिपके पडतात. डार्क अजिबात नसतील तर फ्रेम ताऱ्यांवर जुळवताना हॉट पिक्सेल सरकत जातात. शंभर टक्के झूम करून पाहा: लाल, हिरव्या, निळ्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने.

स्टॅकिंगसाठी विंडोजवर सिक्वेटर हे सॉफ्टवेअर सोपं पडतं. फ्रेम आणि डार्क टाका, आकाशाचा भाग रंगवा आणि जमीन गोठवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर डोंगर-झाडं पुसट होतील. विमानाच्या किंवा उपग्रहाच्या रेघाही तिथेच काढता येतात.

नॉइज रिडक्शनचा स्लायडर सगळ्यात शेवटी. आधी रंगाचा नॉइज घालवा, त्यात फारसं बिघडत नाही. ल्युमिनन्सला (उजेड-अंधाराच्या दाण्यांचा स्लायडर) मात्र जपून हात लावा. जास्त ओढलं की बारीक तारे गायब होतात आणि आकाशगंगेतले धुळीचे काळे पट्टे मेण फासल्यासारखे गुळगुळीत दिसतात.