मेसॉनिक पदके हाती आली की या चुका टाळा

जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, या गावांत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. त्या अधिकाऱ्यांत फ्रीमेसन, म्हणजे गवंड्याच्या अवजारांना प्रतीक मानणाऱ्या बंधुसंघटनेचे सदस्य, असत. त्यामुळे मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या पेटीत फ्रीमेसनांचे पदक निघाले, तर त्यात नवल नाही. वाईट याचे वाटते की पदक निघाले की पहिल्या तासाभरातच त्याचे नुकसान केले जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पदक चकचकीत करणे. जालन्यातील एका निवृत्त शिक्षकांनी मला एक फोटो पाठवला होता. क्रॉसच्या आकाराचे, १९१४ आणि १९१८ ही वर्षे असलेले ते ‘हॉल स्टोन’ पदक होते. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या बांधवांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये जे फ्रीमेसन्स हॉल उभारले आणि १९३३ मध्ये खुले झाले, त्याच्या निधीला दहा गिनी देणाऱ्या सदस्याला ते मिळत असे. पाठीवर सदस्याचे नाव आणि लॉजचा, म्हणजे त्याच्या स्थानिक शाखेचा, क्रमांक कोरलेला असल्याचे त्यांनी लिहिले होते. मी लगेच कळवले की हात लावू नका, रविवारी येतो. मी पोहोचेपर्यंत ते सराफ्यात बफवर फिरून आले होते. चांदीची शुद्धता सांगणारा सिंहाचा छाप गेला, नाव गेले, आणि क्रमांकातला शेवटचा सात तेवढा नखाला लागत होता. त्या क्रमांकावरून लॉज आणि लॉजवरून माणूस शोधता आला असता, ही रुखरुख मला आजही आहे. चिंच, रांगोळी, दंतमंजन यांनीही हेच होते, आणि मीनाकाम असेल तर तेही टवके उडून जाते. मी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने धूळ फक्त टिपतो, घासत नाही.

दुसरी चूक चिन्हांना काळी जादू समजण्याची. ही मुळात गवंड्याची अवजारे आहेत: गुण्या लॉजच्या प्रमुखाचा, म्हणजे मास्टरचा, पाणसळ त्याच्या खालच्या सीनियर वॉर्डनची, ओळंबा ज्युनियर वॉर्डनचा. सचोटी, समता आणि सरळपणा हे त्यांचे अर्थ, भिंत चढताना पाहिलेल्या कोणालाही पटतील असे आहेत. रॉयल आर्च या फ्रीमेसनांच्याच पुढच्या श्रेणीच्या पदकावर एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण पाहून त्याला तांत्रिक यंत्र ठरवणारे आणि देव्हाऱ्यात ठेवणारे लोकही मला भेटले आहेत. फोनवर दोन मिनिटे शोधून निष्कर्ष काढण्याची घाई नवशिक्यांनी सोडावी, असे मला मनापासून वाटते.

पदकावर ५८७७ असे वर्ष दिसले तर त्यातून ४००० वजा करावेत, कारण ते फ्रीमेसनांच्या ‘आनो ल्यूसिस’ या कालगणनेतले, म्हणजे १८७७ आहे. रॉयल आर्चच्या गणनेत मात्र ५३० वजा करावे लागतात.

किल्लीचे चिन्ह दिसले की ते बहुधा लॉजच्या खजिनदाराचे पदचिन्ह असते. त्याला स्मारकपदक म्हणून विकत घेऊ नये.

जीर्ण फीत कापून टाकू नये. रॉयल आर्चमध्ये साध्या सदस्याची फीत पांढरी आणि प्रिन्सिपलची, म्हणजे प्रमुखाची, किरमिजी असते, म्हणून फीत गेली की पदक कोणत्या दर्जाच्या माणसाचे होते, हे सांगणारी खूणही जाते. मी ती विटलेली असली तरी पदकासोबतच, पण वेगळ्या पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवतो.