मृग लागायच्या आत: नाशिकच्या सोसायटीची पावसाळी तयारी

पूर म्हटलं की नाशिककरांचे डोळे दोन ठिकाणी लागतात: गंगापूर धरणाचा विसर्ग किती, आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं. विसर्गाची निदान आगाऊ सूचना तरी मिळते. नासर्डी, वाघाडी किंवा सराफ बाजाराखालचा सरस्वती नाला धरणाची वाट बघत नाही. शहरावर तासभर जोराचा पाऊस झाला की पुरतं. कारण साध्या हिशेबात आहे. एक हेक्टर मळ्यावर ताशी 50 मिलिमीटरची सर आली, तर साधारण 30 टक्के पाणी वाहून जाणार, म्हणजे सेकंदाला 42 लिटर. त्याच जागी स्लॅब, काँक्रीट आणि पार्किंग झालं की 85 टक्के, म्हणजे सेकंदाला 118 लिटर. वर हे पाणी पाइपातून धावत येतं, त्यामुळे आसपासच्या सगळ्या इमारतींचं एकाच वेळी नाल्यात पडतं. तेव्हा तयारी करताना पाणी बाहेर काढण्याइतकंच ते तास-दोन तास आवारात थोपवण्याकडेही लक्ष द्या.

सुरुवात मे महिन्यात गच्चीपासून. पालापाचोळा, फुटक्या कुंड्या, जुन्या टाक्यांचे तुकडे खाली उतरवा. पाइपाच्या तोंडावर सपाट जाळी असेल तर ती काढून घुमटाकार बसवा. सपाट जाळीवर चार पानं चिकटली तरी गच्चीचा तलाव होतो. ताशी 100 मिलिमीटर पाऊस धरला, तर 100 मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण 85 चौरस मीटर गच्ची सांभाळतो. 500 चौरस मीटरच्या गच्चीला सहा पाइप हवेत. चारच असतील तर नवे टाकायला अजून वेळ आहे.

मग हे पाइप उतरतात कुठे ते तपासा. बादलीभर पाण्यात होळीचा उरलेला रंग कालवून वरून ओता आणि खाली एकेक चेंबरचं झाकण उघडून बघा. रंग मैल्याच्या चेंबरमध्ये दिसला तर समजा दुखणं सापडलं. पावसाचं पाणी ड्रेनेज लाइनमध्ये घुसलं की ती तुंबते आणि तळमजल्याच्या संडासातून उलटं वर येतं. दरवर्षी त्यावरून महापालिकेला फोन होतात, आणि जोड मात्र आपल्याच आवारात असतो. तो तोडून पावसाची लाइन वेगळी करा.

शोषखड्ड्याचं प्रकरण जरा सविस्तर. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, त्यामुळे खड्डा कागदावर बहुतेकांकडे असतोच. तो उघडून बघा. 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल खड्डा म्हणजे 10,000 लिटर, असं वाटतं. पण आत दगड-खडी भरली की मोकळी जागा जेमतेम 40 टक्के, म्हणजे 4,000 लिटर. 50 मिलिमीटरच्या एका सरीत 500 चौरस मीटरच्या गच्चीवरून 21,000 लिटरच्या वर पाणी येतं. तेव्हा एका खड्ड्यावर विसंबू नका. वापरात नसलेली जुनी टाकी असेल तर तीही जोडा, आणि जास्तीचं पाणी बाहेर जायला ओव्हरफ्लो ठेवा. खड्ड्याआधी 60 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल गाळाचं चेंबर हवं, त्यातून निघणारा पाइप तळापासून 30 सेंटिमीटर वर. हे चेंबर नसेल तर गाळ थेट खडीत बसतो आणि खड्डा दोन-तीन पावसाळ्यांत मुका होतो. खडी काढून धुऊन पुन्हा भरणं हाच त्यावर उपाय. खड्डा काळ्या मातीतच थांबला असेल तर पाणी मुरणारच नाही. मुरूम लागेपर्यंत खोल न्या. तळात 30 सेंटिमीटर पाणी भरून तासाभरात किती उतरलं ते मोजा, म्हणजे वाद मिटतो. बोअरमध्ये सोडायचं असेल तर फक्त गच्चीचं, गाळलेलं पाणी. पार्किंगचं तेलकट पाणी कधीही नाही.

आवारात पेव्हरच्या फटी सिमेंटने बुजवू नका, वाळूने भरा. झाडांची आळी मोकळी करा. नाल्याच्या बाजूची भिंत असेल तर तिची भोकं साफ करा, आणि घराच्या दुरुस्तीचा राडारोडा नाल्यात ढकलणाऱ्या कंत्राटदाराला तिथल्या तिथे थांबवा.

तळघरात गाड्या असतील तर रॅम्पच्या माथ्यावर 15 सेंटिमीटरचा उंचवटा आणि आडवी जाळीची गटार हवीच. उघड्या रॅम्पचं क्षेत्र 100 चौरस मीटर असेल तर ताशी 100 मिलिमीटर पावसात तासाला 10,000 लिटर पाणी आत येतं. पंप त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्या आणि दुसरा जोडीला ठेवा. पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच हाताने उचलून चालतो का बघा. स्टार्टर जमिनीपासून दीड मीटर वर हवा. पंपाच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर रस्त्यावर साचलेलं पाणी त्याच वाटेने परत येतं.

नदीकाठी राहणाऱ्यांनी पूररेषा बघून ठेवावी: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. रेषेबाहेर असूनही इमारत बुजवलेल्या ओहोळावर असेल तर पाणी शिरतं, म्हणून जुना गाव नकाशाही काढून बघा.

प्रत्यक्ष पाणी चढू लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, तळघराचा वीजपुरवठा तोडा आणि त्यानंतर गाडी काढायला कोणालाही खाली सोडू नका. पहिली मोठी सर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गाळाचं चेंबर उपसा. वर्षातला सर्वाधिक गाळ त्याच पाण्यात येतो.