तुको-तुकोचे वजन आणि आकारमान : नोंद करताना आणि वाचताना या चुका टाळा

दक्षिण अमेरिकेत जमिनीखाली बिळे करून राहणारा तुको-तुको हा कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा) प्राणी त्याच्या आवाजावरूनच ओळखला जातो. डार्विनला उरुग्वेतील माल्दोनादो येथे तो आढळला, तेव्हा त्यानेही या प्राण्याच्या जमिनीखालून येणाऱ्या, थांबून थांबून पुन्हा उमटणाऱ्या आवाजाची आवर्जून नोंद केली. मात्र त्याचे वजन किती, या साध्या प्रश्नाला कोणी 100 ग्रॅम, कोणी पाव किलो, तर कोणी चक्क एक किलो असे उत्तर देतो. या तिन्ही उत्तरांत खोटे काहीच नाही. चूक होते ती प्रश्नात.

‘तुको-तुको’ हे एका जातीचे नाव आहे असे समजणे, ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. हे नाव टेनोमिस या संपूर्ण प्रजातीचे, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या अनेक जातींच्या गटाचे (genus) असून तिच्यात साठाहून अधिक जाती मोडतात. अर्जेंटिनातील टेनोमिस तालारम साधारण 100 ते 170 ग्रॅमची असते, तर पराग्वे आणि बोलिव्हियाच्या चाको प्रदेशातील टेनोमिस कोनोव्हेरी एक किलोच्याही पुढे जाते. या दोन टोकांची सरासरी काढून ‘तुको-तुकोचे सरासरी वजन’ म्हणून छापले, की तो आकडा धड कोणत्याच जातीला लागू पडत नाही. त्यामुळे जातीचे नाव नसलेला आकडा सरळ बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट दिशेने होणारी चूक म्हणजे वजनावरून जात ठरवणे. ब्युनोस आयर्स प्रांताच्या किनारी पट्ट्यात टेनोमिस ऑस्ट्रालिस ही जाती मोकळ्या वाळूच्या टेकड्यांमध्ये राहते आणि तालारम तिच्या शेजारीच, अधिक घट्ट व गवताळ जमिनीत. ऑस्ट्रालिस साधारणपणे तालारमच्या दुप्पट ते तिप्पट वजनाची असल्यामुळे प्रौढ प्राण्यांत गल्लत सहसा होत नाही. पण ऑस्ट्रालिसचे वाढीच्या वयातील पिल्लू तराजूवर प्रौढ तालारमइतकेच भरू शकते. या प्रजातीत गुणसूत्रांची संख्या जातीनुसार 10 पासून 70 पर्यंत बदलते आणि जात निश्चित करताना गुणसूत्रे, कवटी व जनुकीय पुरावा यांचाच आधार घ्यावा लागतो. नावावर तर मुळीच विसंबू नये. टेनोमिस मिनुटस या नावात ‘लहान’ असा अर्थ असला, तरी दक्षिण ब्राझीलच्या किनारी मैदानातील ही जाती प्रजातीतील सर्वांत लहान नाही.

लांबीच्या बाबतीत गोंधळ होतो तो शेपटीमुळे. काही नोंदींमध्ये नाकाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या मणक्यापर्यंतची एकूण लांबी देतात, तर काहींमध्ये फक्त डोके आणि धड यांची. एकूण लांबी 240 मिमी आणि शेपूट 70 मिमी असेल, तर डोके व धड मिळून 170 मिमी होतात. पण घाईत वाचणारा 240 हीच धडाची लांबी समजतो, तिच्यात शेपूट पुन्हा मिळवतो आणि 310 मिमीचा, कधीही न जन्मलेला प्राणी तयार करतो. मागच्या पावलाचेही तसेच आहे. ते नखासह मोजले की नखाविना, हे लिहिलेच पाहिजे, कारण उकरण्याच्या कामामुळे या प्राण्याची नखे चांगलीच लांब असतात. त्या पावलांच्या कडेला कंगव्यासारखे राठ केस असतात आणि टेनोमिस म्हणजे ‘कंगवेवाला उंदीर’ हे नावही त्यावरूनच पडले आहे. ते केस मापात धरायचे नसतात.

प्रत्यक्ष वजन करताना प्राणी कापडी पिशवीत घालून ती ताणकाट्याला अडकवतात. प्राणी धडपडत असेपर्यंत काटा वरखाली होत राहतो, म्हणून तो स्थिरावू द्यावा, आकडा वाचावा आणि मग रिकामी पिशवी वेगळी तोलून ते वजन वजा करावे. ओलसर, मातीने माखलेली पिशवी सकाळच्या कोरड्या पिशवीपेक्षा जड भरते, त्यामुळे एकदाच तोललेले पिशवीचे वजन दिवसभर वापरू नये. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या प्राण्यात पाच ग्रॅमची चूक किरकोळ नसते.

नर बहुधा मादीपेक्षा जड असतात. मादी गाभण असेल तर मात्र तुलनाच फसते, आणि तालारममध्ये गर्भकाळ तीन महिन्यांहून जास्त असल्यामुळे असा योग वरचेवर येतो. म्हणून वजनाशेजारी लिंग, वय आणि मादीची अवस्था लिहावी.

शेवटची चूक गृहीतकाची आहे. थंड प्रदेशात प्राणी मोठे असतात, हा परिचित नियम डोळ्यांसमोर ठेवून दक्षिणेकडील तुको-तुको वजनदार असतील असा अंदाज बांधला जातो. या प्रजातीत कल नेमका उलटा दिसतो : दक्षिणेकडे जावे तसे शरीर एकंदरीत लहान होत जाते. पातागोनियातील नोंदी अपेक्षेपेक्षा हलक्या दिसल्या, तर लगेच तराजूला दोष देऊ नये.