हापूसमधला साका आणि सीमॅप टूल्स: गुंत्याचा विषय नकाशात कसा मांडायचा

हापूस बाहेरून मस्त पिवळाधमक आणि कापला की आत पांढरट, आंबूस, हा साका का होतो ते कोणाला समजवायला जा, जमीन, ऊन, काढणी, जात सगळं एकात एक अडकलेलं निघतं. अशा विषयाला कॉन्सेप्ट मॅप, म्हणजे चौकटींतले मुद्दे बाणांनी जोडून काढलेला नकाशा, फार उपयोगी पडतो. ही पद्धत जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात तयार केली, आणि त्यासाठीचं सीमॅप टूल्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आधी वरती प्रश्न लिहा, "हापूसमध्ये साका का होतो?" नुसतं "हापूस" लिहिलंत तर मोहोर, तुडतुडे, वाशीचा दर सगळंच आत येतं आणि मॅप कुठे थांबवायचा तेच कळत नाही.

मग रिकाम्या जागेवर डबल क्लिक करत एकेका चौकटीत एक-दोन शब्द टाका: जमिनीची उष्णता, आच्छादन, काढणीची वेळ, रत्ना जात. पंधरा-वीस पुरे. मोठे मुद्दे वर, बारीक खाली.

आता खरं काम. चौकटीवर क्लिक केलं की वर बाण दिसतात, ते दुसऱ्या चौकटीवर ओढायचे, मधे प्रश्नचिन्हं येतात, तिथे क्रियापद लिहायचं. "गवताचं आच्छादन – कमी करतं – जमिनीची उष्णता." तिन्ही सलग वाचून वाक्य झालं पाहिजे. "संबंध आहे" असलं काही लिहू नका प्लीज, त्यातून काहीच कळत नाही, आणि नेमका शब्द सुचत नसेल तर तेवढाच भाग आपल्याला अजून समजलेला नाही, तो कोणा जाणत्या बागायतदाराला विचारा.

यानंतर मॅपमधल्या एकमेकींपासून लांबच्या फांद्या जोडा, मला हाच भाग सगळ्यात आवडतो. काढणी एकीकडे, उष्णता दुसरीकडे, पण फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाल्यावर न काढता झाडावरच ठेवलं तर ते उन्हाची झळ जास्त दिवस खातं, म्हणजे तिथे आडवा बाण आलाच. तसंच रत्ना "जात" खाली येते, पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या या आंब्यात साका होत नाही, म्हणून तिचा बाण थेट साक्याकडे.

झालं की फाईल मेनूतून इमेज काढून बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, आणि मूळ फाईल जपून ठेवा, कारण कोणीतरी नवीन मुद्दा सांगणारच आणि इमेजमध्ये तो घालता येत नाही.