मास्टोडॉनवर कापसाचा हॅशटॅग रिकामा का राहायचा

मास्टोडॉन म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अनेक वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणारं सोशल मीडिया. त्यावर #कापूस फॉलो केला तरी होम फीड कोरडंच. तेही बोंडअळीच्या दिवसांत, जेव्हा कोणाच्या पऱ्हाटीत काय चाललंय ते कळायला हवं. मित्राचं खातं मोठ्या सर्व्हरवर. त्याला त्याच टॅगवर यवतमाळ-अकोल्याकडच्या पोस्टी दिसत होत्या.

माझा सर्व्हर लहान, गोम तिथेच होती. हॅशटॅग फॉलो करायची सोय 2022 च्या 4.0 आवृत्तीत आली, पण टॅग काही सगळं जाळं धुंडाळत नाही. आपल्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या सार्वजनिक पोस्टीच तो दाखवतो. माणसाला फॉलो केलं की मात्र त्याचा सर्व्हर पुढच्या पोस्टी आपल्याकडे धाडू लागतो.

मग मित्राच्या सर्व्हरवरचं टॅगचं पान ब्राउझरमध्ये उघडलं. नेमाने लिहिणारे शेतकरी हेरले, सर्व्हरच्या नावासकट त्यांचे पूर्ण पत्ते माझ्या शोधपट्टीत टाकले आणि त्यांना फॉलो केलं. जुन्या पोस्टी आल्या नाहीत, नव्या येऊ लागल्या. त्यांच्या बूस्टमधून, म्हणजे त्यांनी पुढे धाडलेल्या इतरांच्या पोस्टींमधून, आणखी माणसं सापडली आणि टॅगही भरू लागला. माझ्या सर्व्हरवरच्या इतरांनाही आता त्या पोस्टी टॅगमध्ये दिसतात, हे फुकटचं पुण्य!

इंग्रजीतला कापसाचा टॅग काढून टाकला. त्यात नुसत्या चादरी नि कुर्ते. एक जण दिवसभर राजकारणच लिहितो. त्याला यादीत टाकून ती यादी होममधून लपवली. अनफॉलो केलं असतं तर त्याच्या अळीच्या पोस्टीही आमच्या सर्व्हरवर यायच्या थांबल्या असत्या, कारण त्याला फॉलो करणारा इथे मी एकटाच.